अंड्यातलं लाल कडं

वैशाखात आमच्या गडचांदूरकडे कोंबडी खुडूक बसली तरी जाणती बाई तिच्याखाली अंडी ठेवायचं टाळते. चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा साऱ्या देशाला बातम्यांतून माहीत आहे. पारा ४५ अंशांच्या वर गेला तरी इथे कोणाला नवल वाटत नाही. अशा दिवसांत घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं अंडंही आपोआप तापतं. अंड्यातली वाढ नीट व्हायला ३७.५ ते ३८ अंशांची सलग ऊब लागते, आणि ती वाढ थांबवून ठेवायची तर अंडं २० अंशांच्या आसपास थंड राहावं लागतं. या दोन्हींमधली चढती-उतरती ऊब घातक. गर्भ वाढायला लागतो, पण त्याची वाढ सरळ होत नाही, आणि दोन-तीन दिवसांत तो मरतो. जिवतीच्या डोंगरातल्या एका विद्यार्थिनीच्या आजीने मला असं अंडं दाखवलं. मोबाइलच्या टॉर्चवर ते धरून त्या म्हणाल्या, "उन्हातली अंडी उबवाले ठेवत नाही जी बाई. अंदर लाल गोल पडते."

त्या उजेडात बलकावर एक बारीक, रेखीव लाल कडं दिसत होतं. मधे काहीच नव्हतं.

मी गडचांदूरच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. ते कडं कशाचं, हे मला माहीत होतं. उबवणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गर्भाभोवती बलकावर रक्तवाहिन्यांचं गोल जाळं पसरतं आणि त्या जाळ्याला बाहेरून एक शीर वेढून असते. गर्भ मेला की मधल्या वाहिन्या विरतात आणि त्यांतलं रक्त बाहेर सरकून त्या कडेच्या शिरेत साठतं. कोंबडीपालनाच्या प्रशिक्षणात एवढंच सांगतात की असं अंडं काढून टाकावं. मला ते तेवढ्यावर सोडवेना. रक्तवाहिनी कशी घडते हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले आहे, अभ्यासक्रमात तेच आहे. ती कशी मोडते, हे कुठेच नाही. 'ही वाहिनी पुढे नाहीशी होते' एवढ्या एका वाक्यावर पाठ्यपुस्तक ते संपवतं. पण गर्भाच्या शरीरात घडणं आणि मोडणं शेजारी शेजारी चालू असतं, बरेचदा त्याच प्रथिनांच्या सांगण्यावरून, आणि एक शिकवून दुसरं सोडलं तर शिकवलेलंही अर्धंच राहतं असं माझं ठाम मत झालं आहे.

कोंबडीच्या गर्भाच्या आमच्या प्रॅक्टिकलला बाजारातली पांढरी अंडी चालत नाहीत. ती कोंबड्याविना पाळलेल्या कोंबड्यांची, त्यांत गर्भच नसतो. आम्हाला लागतात गावरान, ज्या घरी कोंबडा आहे त्या घरची. ती विद्यार्थीच आणतात. कोरपना, जिवती, राजुरा तालुक्यांतल्या गावांतून, टोपलीत तणस घालून, एसटीच्या गर्दीत मांडीवर सांभाळत आणतात. आमच्या वर्गात सिमेंट कारखान्यांतल्या कामगारांची मुलं असतात आणि गोंड, कोलाम घरांतलीही. वर्षभर इंग्रजी नावांपुढे दबून बसणारी डोंगरातली मुलं या दिवसांत पुढच्या बाकावर येतात. कोणतं अंडं भरलं आहे, कोणतं फोल, कोणतं मधेच थांबलं, हे उजेडापुढे धरून ती सांगतात आणि त्यांचं सांगणं क्वचितच चुकतं. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं आणि आमची महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाकडून तिकडे गेली. नंतर प्राण्यांची विच्छेदनंही बंद झाली. बेडूक, झुरळ गेलं त्याचं मला दुःख नाही. पण त्यानंतर प्राणिशास्त्राच्या पोरांना जिवंत ऊतक पाहायला मिळावं असं फार थोडं उरलं, आणि त्या थोड्यात हे अंडं आहे.

अंडं आडवं ठेवून थोडा वेळ थांबायचं, म्हणजे गर्भ वरच्या अंगाला येतो. मग कवच फोडून आतलं सगळं कोमट मिठाच्या पाण्यात अलगद सोडायचं. मधे भोक पाडलेला गाळणकागदाचा तुकडा गर्भावर ठेवायचा, तो कडेने चिकटला की भोवतीने कापून उचलायचा आणि वॉचग्लासमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचा. ३० तासांच्या आसपासचा गर्भ असला तर मधे एक पांढुरकी रेघ दिसते आणि तिच्यापासून दूर, बलकाच्या बाजूला, विटकरी रंगाचे ठिपके. ही रक्ताची बेटं. हृदय अजून चालू झालेलं नसतं. ते ३३ ते ३८ तासांच्या सुमाराला पहिल्यांदा हलतं आणि रक्त खऱ्या अर्थाने फिरायला लागतं ते त्यानंतर काही तासांनी. म्हणजे आधी रक्त, मग हृदय, मग प्रवाह. हा क्रम दरवर्षी मुलांना चक्रावतो, कारण शाळेपासून त्यांनी हृदयापासून निघणाऱ्या नळ्या काढलेल्या असतात. प्रत्यक्षात त्या नळ्या हृदयापासून फुटतच नाहीत. त्या जागच्या जागी, सुट्या सुट्या पेशींतून घडतात. एकेका बेटातल्या बाहेरच्या पेशी चपट्या होऊन वाहिनीचं अस्तर बनतात, आतल्या पेशी रक्तपेशी होतात, आणि शेजारशेजारची बेटं जोडली जाऊन जाळं होतं.

हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते फ्लॉरेन्स सेबिन या अमेरिकी बाईंनी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी कोंबडीचा जिवंत गर्भ काचेवर ठेवून, रात्र रात्र जागून, दुसऱ्या दिवशीच्या वाहिन्या आणि रक्तपेशी जन्मताना पाहिल्या आणि १९२० साली ते प्रसिद्ध केलं. त्यांच्या कितीतरी आधी अॅरिस्टॉटलने एकेका दिवसाचं अंडं फोडून तीन दिवसांनी दिसणारा धडधडता लाल ठिपका टिपला होता. पण ठिपक्याच्या आधी काय होतं, हे दिसायला सूक्ष्मदर्शक आणि सेबिनबाईंचा धीर लागला.

पेशींना हे कोण सांगतं, हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात. उत्तर प्रथिनांत आहे. एफजीएफ नावाच्या प्रथिन-कुटुंबाच्या संदेशाने गर्भाच्या मधल्या थरातल्या काही पेशी रक्त आणि वाहिनी होण्याच्या वाटेला लागतात. त्यांच्या पृष्ठभागावर एक ग्राहक प्रथिन उगवतं. मग आजूबाजूचं ऊतक व्हीईजीएफ हे दुसरं प्रथिन सोडतं, ते या ग्राहकाला येऊन चिकटतं, आणि पेशी वाढते, सरकते, नळी बनते. व्हीईजीएफचा शोध रोगाच्या वाटेने लागला. १९८३ साली हार्वर्डमधल्या डोनाल्ड सेंगर आणि हॅरल्ड ड्वोरॅक यांना गाठींतून निघणारं, वाहिन्या झिरपायला लावणारं एक प्रथिन सापडलं. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांच्या गटाने वाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं काढलं, आणि दोन्ही एकच निघाली. पक्ष्यांतला त्याचा ग्राहक लावा पक्ष्याच्या गर्भातून शोधला गेला. त्याच लाव्याच्या पेशी वापरून माग काढायची पद्धत निकोल ल दुआरँ या फ्रेंच बाईंनी १९६९ मध्ये घालून दिली होती. लावा आणि कोंबडी यांच्या पेशींची केंद्रकं रंगवल्यावर वेगळी ओळखू येतात, म्हणून एकाच्या पेशी दुसऱ्याच्या गर्भात लावल्या तर त्या कुठे गेल्या हे मागाहून सांगता येतं. याच पद्धतीने कळलं की पायातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर पाठीच्या कण्यालगतच्या ऊतकखंडांमधून चालत येतं.

या संदेशाचं प्रमाण फार काटेकोर असतं, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत विस्मयाची वाटते. उंदराला व्हीईजीएफच्या जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यांतली फक्त एक काढली तरी वाहिन्यांचं जाळं बिघडून गर्भ पोटातच मरतो. दोन वेगळ्या गटांनी हे १९९६ साली एकाच वेळी दाखवलं. उलट बाजूने, १९९५ मध्ये ड्रेक आणि लिटल यांनी लाव्याच्या गर्भात हेच प्रथिन जादा टोचलं, तर वाहिन्या एकमेकींत मिसळून बेढब, फुगीर पोकळ्या झाल्या, आणि ज्या जागी वाहिनी असायला नको तिथेही त्या उगवल्या. अर्धं प्रमाण मारतं आणि जास्त प्रमाण आकार घालवतं. हे प्रमाण ठरवतो प्राणवायू. पेशीला प्राणवायू कमी पडला की एचआयएफ हे प्रथिन टिकून राहतं आणि व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. पुरेसा मिळाला की एचआयएफचे तुकडे होतात. या यंत्रणेसाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं. म्हणजे रक्तवाहिनी ही मागणीवर येते. ऊतक गुदमरतं, हाक देतं, वाहिनी त्या दिशेने वाढते, प्राणवायू पोचतो, हाक थांबते.

हे सगळं परदेशातच झालं असं माझ्या मुलांना वाटू नये म्हणून मी पुण्याचं सांगते. लीला मुल्हेरकर एडिंबरोला सी. एच. वॉडिंग्टन यांच्याकडे शिकल्या. वॉडिंग्टन यांनी १९३० च्या दशकात पक्ष्यांचा गर्भ अंड्याबाहेर काचेत वाढवून त्यावर प्रयोग केले होते. मुल्हेरकरबाईंनी परत येऊन पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हे काम उभं केलं. कोंबडीचा गर्भ काचेत वाढवायचा आणि एखादं रसायन त्याच्यावर काय करतं ते पाहायचं. केसांना लावायच्या रंगांचीसुद्धा त्यांनी अशी परीक्षा घेतली. डेनिस न्यू यांनी १९५५ मध्ये दिलेल्या पद्धतीत बलकाभोवतीचा पारदर्शक पडदा काचेच्या कडीवर ताणतात आणि त्यावर गर्भ ठेवतात. लागतं काय, तर वॉचग्लास, काचेची कडी, अंड्याचाच पांढरा आणि ऊब. गडचांदूरमध्ये हे करता येतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली हायड्रात व्हीईजीएफ आणि एफजीएफ असल्याचं दाखवलं. हायड्राला रक्त नाही, हृदय नाही, एकही वाहिनी नाही. तरी ते प्रथिन आहे. तेव्हा हा संदेश रक्तापेक्षा कितीतरी जुना. शरीरात नळ्या आणि पोकळ्या घडवायच्या कामी तो आधीपासून असावा, आणि पुढे रक्तवाहिन्यांनी तो उचलला असावा, असा त्यावरून तर्क करता येतो.

आता मोडण्याकडे येते.

बलकावरचं जाळं सुरुवातीला सगळीकडे सारखं असतं. त्यात मोठी वाहिनी नाही, छोटी नाही. रक्त वाहायला लागलं की काही तासांत काही वाटा रुंद होतात आणि काही मिटतात. जर्मन रोगविज्ञ रिशार्ड थोमा यांनी १८९३ मध्ये कोंबडीच्या गर्भातच हे मांडलं होतं की ज्या वाहिनीत प्रवाह जोराचा ती रुंदावते आणि ज्यात मंद ती नाहीशी होते. मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा जिवतीकडचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तर डोंगरातल्या पायवाटेसारखं झालं. लोक जातात तोवर वाट. एक पावसाळा कोणी गेलं नाही तर गवत." त्यानंतर मी हा धडा त्याच शब्दांत शिकवते. फक्त एक गोष्ट पुढे जोडते, की इथे गवत बाहेरून उगवत नाही, वाटेचीच माती उठून जाते. ज्या वाहिनीतून रक्त जात नाही तिच्या अस्तरातल्या पेशी शेजारच्या वाहत्या वाहिनीकडे सरकतात, नाहीतर ठरलेल्या क्रमाने मरतात.

प्रवाहाचं बळ किती, हे फर्डिनांड ल नोबल आणि अॅन आइकमन यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं. धमनीच्या पेशींवर एक प्रथिन असतं, एफ्रिन-बी२, आणि शिरेच्या पेशींवर त्याचा जोडीदार. हे रक्त फिरण्याआधीच ठरलेलं असतं, म्हणून धमनी ती धमनीच आणि शीर ती शीरच, असं सगळे धरून चालले होते. या गटाने कोंबडीच्या गर्भात बलकाकडे जाणारी उजवी धमनी अडवली. तिच्या पुढचा धमन्यांचा भाग मोडला नाही. त्यात शिरांचं रक्त शिरलं आणि थोड्याच वेळात त्या वाहिन्या शिरांसारख्या झाल्या, धमनीच्या खुणा गेल्या. प्रवाह परत सुरू केला तर धमनीही परत आली. वाहिनीची ओळख तिच्यातून काय वाहतं यावर इतकी अवलंबून असेल, असं मला ते वाचेपर्यंत वाटलं नव्हतं. आता ७२ तासांचा गर्भ दाखवताना मी आधी ही गोष्ट सांगते आणि मग मुलांना भिंगाखाली बघायला लावते.

७२ तासांच्या स्लाइडवर घशाजवळ कमानी दिसतात. हृदयातून निघून पाठीकडच्या महाधमनीला मिळणाऱ्या या धमन्यांच्या जोड्या. पहिली आणि दुसरी जोडी येते आणि विरते. तिसऱ्या जोडीतून मानेकडे जाणाऱ्या धमन्या होतात, सहावीतून फुप्फुसांकडच्या. चौथीत पक्ष्यांची उजवी राहते आणि डावी जाते. माणसाची डावी राहते. आमच्या अभ्यासक्रमात ही आकृती पाठ करायची असते आणि मुलं ती पाठ करतात. मी आता तिथे थांबून विचारते की पहिली कमान गेली म्हणजे नेमकं काय झालं? तिला कोणी मारलं, की तिला काही मिळेनासं झालं?

दुसरं उत्तर बरोबर आहे. कोवळ्या वाहिनीला जगायला व्हीईजीएफ सतत मिळावं लागतं. शिवाय भोवतीच्या आधारपेशींकडून अँजिओपोएटिन-१ हे प्रथिन येतं आणि अस्तरावरच्या टाय-२ या ग्राहकाला धरून वाहिनी घट्ट करतं. अँजिओपोएटिन-२ हे त्याचंच भावंड, ते ही पकड सैल करतं. १९९७ मध्ये ते सापडलं तेव्हा त्याची दोन कामं कळली. सैल झालेल्या वाहिनीजवळ व्हीईजीएफ असेल तर तिला नवे फाटे फुटतात. व्हीईजीएफ नसेल तर ती विरते. तेच एक प्रथिन, आणि त्याचा परिणाम घडणं की मोडणं हे शेजारी दुसरं कोण आहे यावर ठरतं. घडणं आणि मोडणं वेगवेगळ्या धड्यांत शिकवू नये, या माझ्या आग्रहाचं मूळ इथे आहे.

पंखाच्या आणि पायाच्या कोंबात तर मोडल्याशिवाय घडतच नाही. कोवळ्या कोंबात आधी केशवाहिन्यांचं जाळं सर्वत्र असतं. ज्या जागी हाडाची कूर्चा व्हायची, तिथून वाहिन्या आधी मागे हटतात, ती जागा रक्ताविना होते, आणि मगच कूर्चा जमते. फाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कोंबडीच्या पंखात हे दाखवलं. पक्ष्यांच्या डोळ्याच्या पडद्यात वाहिन्या येतच नाहीत. त्याला पोसण्यासाठी डोळ्याच्या आत, मागच्या बाजूने निघालेला, घड्या पडलेला रक्तवाहिन्यांचा एक काळपट उंचवटा असतो. घारीची नजर तीक्ष्ण का, असं मुलं विचारतात तेव्हा मी त्यातलं एक कारण हे देते की तिच्या पडद्यावर वाहिन्यांची सावली पडत नाही.

मोडणं चुकीच्या वेळी झालं तर काय होतं, याचं सर्वांत दुःखद उदाहरण थॅलिडोमाइडचं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात गरोदर बायांनी मळमळीसाठी हे औषध घेतलं आणि हजारो मुलं हातपाय अपुरे घेऊन जन्मली. औषधाचा वार कुठे होतो, यावर पन्नास वर्षं वाद होते. २००९ मध्ये अॅबर्डीनमध्ये नील व्हार्गेसन यांच्या गटाने थॅलिडोमाइडसारखाच एक रेणू कोंबडीच्या गर्भावर घालून पाहिला. पक्क्या, स्नायूपेशींचं वेष्टण असलेल्या वाहिन्या राहिल्या. कोवळ्या, उघड्या वाहिन्या थोड्याच वेळात विरल्या आणि मग कोंब खुंटला. हातापायांचे कोंब फुटत असतानाच्या त्या थोड्या दिवसांत तिथल्या वाहिन्या कोवळ्या असतात, म्हणून त्या दिवसांतली गोळी सर्वांत भयंकर. हे औषध अजून आहे. कुष्ठरोगात कधी कधी जी तीव्र प्रतिक्रिया उठते तिच्यावर ते कडक बंधनांखाली देतात आणि ते कामही करतं. आमच्या जिल्ह्यात वरोऱ्याला आनंदवन आहे, कुष्ठरोग इथे कोणाला परका नाही. म्हणून वर्गातल्या मुलींना मी हे स्पष्ट सांगते की हे औषध घरात कोणाला चालू असेल तर दुसऱ्या कोणीही, विशेषतः गरोदर बाईने, त्याला हात लावायचा नाही.

दुसरं उदाहरण डोळ्याचं, आणि ते आमच्या आणखी जवळचं. माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या जन्माच्या सुमाराला पूर्ण होतात. बाळ फार आधी जन्मलं आणि त्याला जास्त प्राणवायू द्यावा लागला, तर पडद्याची मागणी थांबते, व्हीईजीएफ घटतं, आणि अर्धवट वाढलेल्या वाहिन्या थांबतात, काही विरतात. काही आठवड्यांनी तोच पडदा वाढून गुदमरतो, मोठ्याने हाक देतो, आणि मग वेड्यावाकड्या, फुटक्या वाहिन्या उगवतात. त्या पडदा ओढून काढतात आणि बाळ आंधळं होतं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, त्यावरचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि पुढे ती पद्धत देशभर गेली. जी लहान बाळं पूर्वी जात, ती आता जगतात. जगलेल्या बाळाची नजरही राहावी म्हणून फार लवकर जन्मलेल्या बाळाचे डोळे महिनाभराच्या आत तपासून घ्यावे लागतात. वेळेत दिसलं तर लेझरने किंवा व्हीईजीएफ अडवणाऱ्या इंजेक्शनने ते थांबवता येतं. सिकलसेलच्या काही रुग्णांतही असंच होतं. वाकड्या पेशींनी पडद्याच्या कडेच्या बारीक वाहिन्या बुजतात, उपाशी भाग हाक देतो, आणि नाजूक, रक्त सांडणाऱ्या नव्या वाहिन्या येतात. माझ्या वर्गात दरवर्षी सिकलसेलचं कार्ड असलेली मुलं असतात. त्यांना मी डोळे तपासायला पाठवते आणि का पाठवते ते अंड्यावरून समजावते.

अंड्यात शेवटचं मोडणं सर्वांत मोठं असतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कवचाच्या आतून एक पडदा पसरतो, तोच पिलाचं श्वसनाचं अंग. त्यावरचं वाहिन्यांचं जाळं इतकं दाट असतं की एखादं औषध वाहिन्या वाढवतं की थांबवतं, हे पाहायला जगभर हाच पडदा वापरतात. विसाव्या दिवशी पिलू चोचीने आतल्या हवेच्या पोकळीत शिरतं, फुप्फुसं चालू होतात, आणि या पडद्यातलं रक्त आत ओढलं जाऊन त्याचा प्रवाह बंद पडतो. बलकाची पिशवी वाहिन्यांसकट पोटात जाते. एकविसाव्या दिवशी पिलू निघतं तेव्हा तो पडदा टरफलाला चिकटून मागे राहतो. मुलांना मी घरची फुटलेली टरफलं आणायला सांगते. पाण्यात भिजवून पडदा सोडवला की रिकाम्या वाहिन्यांच्या रेघा साध्या डोळ्यांनी मोजता येतात.

या वर्षीपासून आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत प्रत्येक आकृतीखाली एक जास्तीचा रकाना केला आहे. या वयात कोणती वाहिनी नवी आली, कोणती जाते आहे, आणि त्या दोन्हींना प्रवाह आणि प्रथिनं यांपैकी काय लागलं. जाणारी वाहिनी तुटक रेघेने काढायची. विद्यापीठाच्या परीक्षेत याला गुण नाहीत, तरी मुलं तो भरतील. प्रॅक्टिकलचं काम दिवाळीनंतर सुरू होईल, कारण तेव्हा खोलीतली हवा थंड असते आणि उबवणी यंत्राबाहेरचं अंडं आपोआप वाढायला लागत नाही. शुक्रवारी सकाळी दहाला अंडी यंत्रात ठेवली की सोमवारी दहाला ७२ तासांचे गर्भ मिळतात आणि मंगळवारी ९६ तासांचे. म्हणून गुरुवारी गावाहून येणाऱ्या मुलांना आधीच सांगून ठेवलं आहे की अंडी तीन-चार दिवसांपेक्षा जुनी नकोत, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलेली नकोत, आणि कोणत्या दिवशी घातलं ते प्रत्येक टरफलावर पेन्सिलीनेच लिहून आणायचं.